न आलेल्या बिलांची वही

सोमवार

लवकर निवृत्ती घेऊन खेड्यात राहायला गेलं की पहिल्या वर्षीचा हिशेब फार सुखाचा दिसतो. घरभाडं गेलं, रोजचा प्रवास गेला, बाहेरचं खाणं गेलं, कपडे जुनेच चालतात. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकाच हंगामात पंप जळतो, बॅटरी बसते, गाडीचे टायर संपतात आणि दाताचं मोठं काम निघतं. ‘यंदा नेमका खर्चच फार निघाला’ असं म्हणून तो विषय तिथेच सोडला जातो. पण तो खर्च पहिल्या दिवसापासून थोडा थोडा होतच होता. बिल तेवढं उशिरा आलं.

म्हणून रोजच्या खर्चाच्या वहीसोबत एक झिजेची वही हवी. घरभर आणि आवारात एक फेरी मारायची. बदलायला महिन्याच्या खर्चाच्या पाव हिश्श्याहून जास्त पैसे लागतील अशी प्रत्येक वस्तू लिहून काढायची. पुढे तीन रकाने: आज नवी घेतली तर किती महिन्यांच्या खर्चाइतकी पडेल, साधारण किती वर्षं टिकते, आणि कोणत्या महिन्यात बसवली. किंमत जुन्या पावतीवरची लिहू नये, आजची लिहावी. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत किंमत दुप्पट होते, म्हणून हा रकाना दरवर्षी नव्याने भरावा लागतो.

एक नमुना मांडून ठेवतो. पंप दीड महिन्याच्या खर्चाइतका, टिकणार १० वर्षं. म्हणजे दरमहा खर्चाच्या १.२५ टक्के. इन्व्हर्टरची बॅटरी दोन महिन्यांची, ५ वर्षं: ३.३३ टक्के. गाडी १२ महिन्यांची, १२ वर्षं: ८.३३ टक्के. छप्पर ८ महिन्यांचं, २० वर्षं: ३.३३ टक्के. फक्त या चार ओळींची बेरीज १६ टक्क्यांवर जाते. दात, चष्मा, फ्रिज, विहिरीतला गाळ अजून धरलेलेच नाहीत.

हे १६ टक्के विसरले तर काय बिघडतं, ते पैसे काढण्याच्या दराकडे पाहिलं की कळतं. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये मांडलेला ४ टक्क्यांचा नियम पुष्कळांना पाठ असतो: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवायची. पण तो हिशेब अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवर, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी केलेला होता. पंचेचाळिशीत काम थांबवणाऱ्याला ४५-५० वर्षं काढायची असतात. त्याने ३ ते ३.५ टक्केच धरावेत, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २९ ते ३३ पट पुंजी. आता ३.५ टक्के धरून बसलेल्या माणसाच्या खर्चात ते विसरलेले १६ टक्के मिसळा. तो प्रत्यक्षात ४ टक्क्यांच्या थोडा वरच असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

झिजेचे पैसे वेगळ्या खात्यात, सुरक्षित ठेवीत असावेत. शेअर बाजारात मुळीच नकोत. निवृत्तीच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बाजार पडलेला असताना छपरासाठी म्युच्युअल फंडाचे युनिट विकावे लागले, तर पुढे बाजार वर आला तरी विकलेले युनिट परत येत नाहीत. सुरुवातीची वाईट वर्षं शेवटच्या वाईट वर्षांपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात.

बुधवार

आज फक्त फूट व्हॉल्व्ह. विहिरीवर मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच तुकड्यात) असेल तर वर्षभरातली सर्वात मोलाची बचत या छोट्या वस्तूत असते, आणि लक्ष सर्वात कमी तिच्याकडेच जातं.

विहिरीतून पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या टोकाला, पाण्याखाली, जाळीच्या आत ही झडप असते. पंप बंद झाल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. जाळीतून खडा किंवा काडी आत अडकली, किंवा वॉशर झिजला, की ती पाणी सोडायला लागते. पहिली खूण अशी: पंप लावल्यावर पूर्वी लगेच येणारं पाणी आता मिनिट-दीड मिनिट घेतं. दुसरी खूण म्हणजे रोज प्रायमिंग करावं लागणं, म्हणजे पंप लावण्याआधी वरून पाणी ओतून पाइप भरणं. पुष्कळ घरांत हे प्रायमिंग अंगवळणी पडतं आणि नुकसान तिथून सुरू होतं.

पंपाच्या आत शाफ्टवर मेकॅनिकल सील असतं. त्याचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर फिरतात आणि त्यांना थंड ठेवतं ते पंपातलंच पाणी. पंप कोरडा फिरला की काही मिनिटांत सील तापतं, चरे पडतात, तडकतं. मग शाफ्टच्या कडेने पाणी झिरपून बेअरिंगपर्यंत जातं. बेअरिंग गंजतं, घरघर सुरू होते, मोटरवर ओझं येतं, ओल आत शिरते आणि एक दिवस वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळतं. वॉशरच्या किमतीचं काम रिवाइंडिंगवर जातं.

तपासणी सोपी आहे. मेन स्विच बंद करून प्रायमिंगच्या तोंडातून पाणी काठोकाठ भरायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पातळी उतरली आणि पाइपच्या जॉइंटपाशी ओल दिसली, तर जॉइंट गळतोय. ओल नाही आणि पाणी तरी उतरलं, तर फूट व्हॉल्व्ह. पातळी तशीच राहिली आणि तरीही पंप हवा धरतो, तर जाळी गाळाने बंद झाली असेल किंवा विहिरीचं पाणी खाली गेलं असेल. हवेच्या दाबावर पाणी तत्त्वतः साधारण १० मीटर वर येऊ शकतं, पण व्यवहारात वर बसवलेल्या पंपाने ६-७ मीटरच्या पुढे अपेक्षा ठेवू नये. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेलं की दोष पंपाचा नसतो. पंप खाली उतरवून बसवावा लागतो.

मोटर नुसती हुं हुं करते आणि फिरत नाही, तर ताबडतोब बंद करा. बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला असतो, आणि तो स्वस्त असतो. तसंच चालू ठेवलं तर वाइंडिंग जातं. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्याला ते येत नाही त्याने ते काम जाणकाराला द्यावं. हे पैसे वाया जात नाहीत.

गुरुवार

बाजाराचं गाव ३० किलोमीटरवर असेल आणि आठवड्याला दोन फेऱ्या होत असतील, तर वर्षाला ६,२४० किलोमीटर होतात. दहा दिवसांतून एकच फेरी केली तर साधारण २,२००. त्यासाठी दारामागे एक कागद लावायचा. संपत आलेली वस्तू लगेच लिहायची. पूर्ण संपेपर्यंत वाट पाहायची नाही.

फेऱ्या कमी झाल्या की टायर कायम टिकतील असं मात्र धरू नये. रबर वयानेही कडक होतं. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलावा. फार उभी राहिलेली गाडी बॅटरीही मारते. दोन आठवड्यांतून एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर चालवावी. उभ्या जागी पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून बॅटरी भरत नाही, उलट स्टार्टरने खेचलेलंही भरून निघत नाही.

शनिवार

छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि २० टक्के उडणं-सांडणं धरलं, तर ६० मिलिमीटरच्या आसपास पावसात ५,००० लिटरची टाकी भरते. पन्हळीतला पाला पावसाआधी काढायचा. पहिल्या सरीचं पाणी, निदान १०० लिटर, टाकीत घ्यायचं नाही. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातच असते.

भाजीच्या वाफ्याला कोरड्या दिवसांत आठवड्याला चौरस मीटरमागे साधारण २५ लिटर पाणी लागतं. वीस चौरस मीटरला ५०० लिटर. म्हणजे ती टाकी दहा आठवडे पुरते. पाच सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर त्याहूनही जास्त. नव्याने येणारे लोक पहिल्याच वर्षी मोठा तुकडा खणतात आणि धान्य पेरतात, याचं मला वाईट वाटतं. धान्य साठवून दूरवर नेता येतं, म्हणून ते विकतच घेणं परवडतं. एवढ्या जागेत पालेभाज्या, टोमॅटो, मिरची, कोवळ्या शेंगा लावाव्यात, म्हणजे जे तोडल्यावर दोन दिवसांत कोमेजतं ते. आणि सगळं बी एकाच दिवशी पेरू नये. दर तीन आठवड्यांनी एक ओळ. नाहीतर एका महिन्यात भाजी वाटायला माणसं कमी पडतात आणि पुढच्या महिन्यात विकत आणावी लागते.

बी घरचं धरायचं असेल तर संकरित वाणाचं धरू नका. पुढची पिढी सारखी निघत नाही. जुनं बी पेरण्याआधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. बारा उगवले तर ६० टक्के, म्हणजे बी तेवढं दाट पेरायचं. दहाच्या खाली आले तर पूर्ण वाफा त्या बियाण्यावर सोडू नये.

रविवार, रात्री

काटकसर कुठे करायची नाही, तेही त्याच वहीत मागच्या पानावर. आरोग्य विमा नोकरी सुटण्याआधी स्वतःच्या नावावर घेतलेला असावा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि मध्ये निघालेलं दुखणं नव्या विम्यात अडचणीचं ठरतं. अर्थिंग आणि आरसीसीबी, जो शॉक बसताच वीज तोडतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. पिण्याच्या पाण्याची जंतू-तपासणी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर. चांगली शिडी. छपरावरून पडून मोडलेल्या हाडापुढे कितीही वर्षांची भाजीची बचत पुरत नाही, आणि दवाखाना दूर असतो.

उद्या पहिली तारीख. आरसीसीबीचं बटण, बॅटरीतली पाण्याची पातळी (चार्जिंग पूर्ण झाल्यावर, आणि डिस्टिल्डच), प्रायमिंगची दहा मिनिटं. मग झिजेच्या खात्यात १६ टक्के, बाकीच्या कुठल्याही खर्चाच्या आधी.