चौकोन उलटा फिरवा

बुधवार, रात्र. थंडी मी म्हणतेय. निफाडचा पारा उद्या परत पेपरात येणार.

मल्टिडिसिप्लिनरी मायनर निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बहुतेकींनी फायनान्स घेतलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे दुसऱ्या शाखेचं काहीतरी शिकावं लागणारच होतं, मग निदान हाताला ग्रीस लागेल असं तरी असावं, म्हणून मी मोबाइल रोबोटिक्सवर, म्हणजे चालत्याफिरत्या रोबोटच्या विषयावर, टिक केलं. गटात चौघं आहोत. मी मेकॅनिकलची, एक कॉम्प्युटरचा म्हणजे कॉम्पवाला, एक ईएनटीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) आणि एक सिव्हिलवाला. पहिल्याच तासाला कॉम्पवाल्यानं त्याला विचारलं होतं, "तू काय, रोबोटला रस्ता बांधून देणार का?" तो नुसता हसला. तसाही तो कमीच बोलतो.

आमचा रोबोट म्हणजे दोन पिवळ्या बीओ मोटर, पुढे मोकळं फिरणारं कॅस्टर चाक, वर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि एक छोटा लायडर, म्हणजे लेझरनं आजूबाजूची अंतरं मोजणारा सेन्सर. चाक किती फिरलं ते एन्कोडर मोजतो आणि त्यावरून रोबोट स्वतःचा ठावठिकाणा काढतो. याला ओडोमेट्री म्हणतात. सरांनी आज फरशीवर खडूनं मोठा चौकोन आखून दिला. पहिल्या बाजूवरच आमचा गडी भरकटला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कॉम्पवाल्यानं लॅपटॉप उघडला. ईएनटीसीची एन्कोडरच्या वायरींना ऑसिलोस्कोप लावायला धावली. मी व्हर्नियर काढून चाकं मोजली. एक ६५ मिलिमीटरचं, दुसरं त्याहून अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. म्हणजे फरक फक्त एक टक्का. पण दोन चाकांमधलं अंतर १५ सेंटिमीटर आहे. मीटरभर गेल्यावर एक चाक दुसऱ्याच्या एक सेंटिमीटर पुढे, म्हणजे रोबोट जवळपास ४ अंश वळलेला, आणि तो मात्र आपण नाकासमोर चाललोय अशा समजुतीत! तीन मीटरवर तो ३० सेंटिमीटर बाजूला असतो. कागदावर आकडा आला तेव्हा माझाच विश्वास बसेना, म्हणून टेप लावून बघितला. तेवढाच आला.

शेजारच्या गटाचा रोबोट मात्र चौकोन पुरा करून बरोबर खडूच्या खुणेवर येऊन थांबला. टाळ्या झाल्या. सर म्हणाले, "छान. आता उलटा फिरवा." उलट्या दिशेनं तो चौकोन सोडून थेट कपाटाच्या पायाशी गेला.

हे सगळं १९९०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी नीट मांडून ठेवलंय. चाकं लहानमोठी असली की रोबोट एका दिशेला जास्त वळतो, दुसरीकडे कमी. चाकांमधलं अंतर चुकीचं धरलं असेल तर दोन्हीकडे सारखंच जास्त, नाहीतर सारखंच कमी. एकाच दिशेनं फिरवलं तर हे दोन दोष एकमेकांना झाकून टाकू शकतात आणि यंत्र निर्दोष वाटतं. म्हणून दोन्हीकडून फिरवायचं.

इतका वेळ गप्प बसलेला सिव्हिलवाला इथे बोलला. "सर, हे तर आमचं क्लोजिंग एरर झालं." जमिनीच्या मोजणीला निघालं की हे लोक बिंदूवरून बिंदूवर जात शेवटी पहिल्या बिंदूवर परत येतात. हिशेब तिथे कधीच बरोब्बर मिटत नाही. उरलेली चूक मग बाउडिचच्या नियमानं प्रत्येक बाजूवर तिच्या लांबीप्रमाणे वाटून टाकतात. सरांनी डस्टर खाली ठेवलं. म्हणाले, स्लॅममध्ये, म्हणजे नकाशा काढता काढता त्यातच स्वतःची जागा शोधताना, रोबोट आधी पाहिलेली जागा ओळखतो तेव्हा साचलेली चूक अशीच मागच्या सगळ्या वाटेवर पसरवतात, फरक इतकाच की तिथे लांबीऐवजी कोणत्या मोजमापावर किती भरवसा आहे ते बघून. पुढच्या महिन्यात येणारा धडा याच्याकडे दुसऱ्या वर्षापासून होता! कॉम्पवाल्यानं त्याला चहा पाजला. पाजायलाच हवा होता.

कालमन फिल्टर, म्हणजे वेगवेगळी मोजमापं एकत्र करून अंदाज बांधायचं गणित, मात्र दोन तासांत गुंडाळला, ते मला अजिबात पटलं नाही. १९६० सालचा शोधनिबंध, अपोलोच्या यानांनी ज्याच्या जोरावर दिशा धरली, आणि आमच्याकडे फळाभर मॅट्रिक्स लिहून पुसून मोकळे. मला कळलं ते एवढंच : रोबोटनं नुसतं "मी इथे आहे" सांगून चालत नाही, आपल्याला त्याची किती खात्री आहे तेही सांगावं लागतं. चाकं म्हणतात इथे, लायडर म्हणतो तिथे, ज्याची खात्री जास्त त्याच्याकडे उत्तर झुकतं. हे पहिल्याच महिन्यात शिकवलं असतं तर आजचा अर्धा गोंधळ झाला नसता.

संध्याकाळी पप्पांचा फोन. त्यांना एकच कुतूहल, हा गाडा आपल्या द्राक्षबागेत फवारणी कधी करणार? मी सांगितलं की ओळींत अंतर नऊ-दहा फूट आणि मोबाइलचं जीपीएसच काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणजे आपण कोणत्या ओळीत आहोत हेच त्याला कळायचं नाही. लायडरला सगळे खांब सारखेच. आत्ता नकाशा करून ठेवला तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, वेली बोडक्या झाल्या की, तो टाकाऊ. शिवाय काळ्या ओल्या मातीत चाक जागच्या जागी फिरलं तरी एन्कोडर पुढे गेल्याचंच सांगणार. चंद्रावरच्या प्रज्ञानचं उदाहरण दिलं : २६ किलोचा रोव्हर, सेकंदाला एक सेंटिमीटर, समोर खड्डा दिसला की मागे वळवायचा. पप्पांनी मनात गुणाकार केला असावा. "म्हणजे तासाला ३६ मीटर. तोवर घडांचे बेदाणे होतील की गं."

तरी रविवारी रोबोट घरी न्यायचं ठरलंय. सिव्हिलवाला ओळीच्या दोन्ही टोकांना खुणेच्या काठ्या रोवू म्हणतो, म्हणजे रोबोटला ओळखीची जागा मिळेल. कॉम्पवाल्याला कॅमेऱ्यानं खोडं मोजायचीत. सकाळच्या धुक्यात त्याला काय दिसणार देव जाणे, पण दवात माल असताना बागेत वाटेल तसं फिरायला पप्पा देणार नाहीत, तेव्हा दहानंतरच जाऊ.

उद्या दुपारी अंबडच्या एमआयडीसीत जाऊन नायलॉनची चाकं लेथवर टर्न करून घ्यायचीत, वर ओ-रिंगची (रबरी कडीची) खाच ठेवून. कॉम्पवाला म्हणतो, चाकांतला फरक कोडमध्ये टाकला की काम झालं, पैसे कशाला घालवायचे? त्याचं चूक नाही. पण रबर झिजत जाणार आणि दर आठवड्याला नवा आकडा मोजायला व्हर्नियर घेऊन मलाच बसवणार. त्यापेक्षा वर्गणी काढा.