आमची वाटचाल : कोंडा न टाकणारी गिरणी

नाशिकमधल्या आमच्या या व्यवसायाची सुरुवात गव्हाच्या दळणापासून झाली आणि पहिला मोठा निर्णय चाळणीचा होता. पीठ जितकं पांढरं आणि मऊ, तितकी पोळी छान, ही समजूत घरोघरी आहे. त्यासाठी गिरणीतून आलेलं पीठ घरी पुन्हा बारीक चाळणीनं चाळलं जातं आणि उरलेला कोंडा गाईला किंवा कचऱ्यात जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक तक्त्यात बघा : सालासकट दळलेल्या १०० ग्रॅम गव्हात सुमारे ११ ग्रॅम तंतू (फायबर) असतात, मैद्यात ३ ग्रॅमही नाहीत. हा सगळा फरक त्या कोंड्याचाच. म्हणून आम्ही पीठ न चाळता देतो. चाळायचंच असेल तर मोठ्या भोकांची चाळण घ्या. खडा-काडी वर राहते आणि कोंडा पिठातच उतरतो.

गहू आम्ही निफाडच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ या वाणांचा घेतो. तंतूंसाठी मात्र वाणापेक्षा दळणाला महत्त्व जास्त. जात्याचे दगड फार जवळ आणले की कोंड्याचीही पूड होते. बद्धकोष्ठासाठी गव्हाचा कोंडा खाणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. जाडसर कोंडा मोठ्या आतड्यापर्यंत बऱ्याच अंशी तसाच पोहोचतो, आतड्याच्या अस्तराला हलकं चेतवतो, तिथं पाणी सुटतं आणि मळ मऊ होतो. तोच कोंडा पुडीसारखा बारीक केला तर हा परिणाम जातो, उलट मळ घट्टही होऊ शकतो. ‘कोंडा खाऊनही फरक नाही’ अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुधा यातलं एक असतं : कोंडा फार बारीक, किंवा पाणी फार कमी. आमचं पीठ चिमटीत घेऊन चोळलं तर कोंड्याचे पातळ, चपटे कण बोटांना लागतात. ते लागले नाहीत तर ते दळण आम्ही पाकिटात भरत नाही.

पुढची मागणी आली ती हृदयासाठी काहीतरी द्या अशी. इथं गव्हाचा कोंडा उपयोगाचा नाही. कोलेस्टेरॉल कमी करायला पाण्यात विरघळून चिकट, बुळबुळीत होणारा तंतू लागतो. ओट्स आणि जव यांच्यात बीटा-ग्लुकॅन नावाचा असा तंतू असतो. लहान आतड्यात तो पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातल्या आम्लांना, धरून ठेवतो आणि मळावाटे बाहेर नेतो. मग नवं पित्त तयार करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलावं लागतं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ साली ओट्सबाबत हाच आकडा धरून दाव्याला मान्यता दिली होती. उतार साधारण ५ टक्क्यांच्या आसपास मिळतो आणि त्यालाही काही आठवडे लागतात. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

ओट्सऐवजी आम्ही जव निवडला, कारण त्याची पोळी करता येते. ओट्सचा वाडगा सकाळी चार दिवस खाल्ला जातो, पोळी रोज दोन वेळा खाल्ली जाते. आमच्या पिठात किलोमागे ४०० ग्रॅम जव, ४५० ग्रॅम गहू, १३० ग्रॅम सालासकट हरभरा आणि २० ग्रॅम मेथीदाणे असतात. जवात बीटा-ग्लुकॅन साधारण ४ ते ६ टक्के असतं. दिवसाला या पिठाच्या पाच-सहा पोळ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ खाल्लं, तर ६० ग्रॅम जव पोटात जातो आणि अडीच-तीन ग्रॅमचा पल्ला गाठता येतो. ‘मल्टिग्रेन’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांची घटकयादी एकदा वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं बंधनकारक आहे. गव्हाचं पीठ पहिलं आणि जव-ओट्स शेवटी असतील, तर त्यातून ३ ग्रॅमचा हिशेब जमत नाही.

जवाची अडचण त्याच्या टरफलात आहे. टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. ते तसंच दळलं तर त्याचे टोकदार कण घशाला टोचतात. म्हणून दाणा हलका पॉलिश करून टरफल तेवढं काढावं लागतं. बीटा-ग्लुकॅन जवाच्या आतल्या गाभ्यातही पसरलेलं असल्यामुळे हलक्या पॉलिशनं ते जात नाही. गव्हाच्या बाबतीत मात्र साल गेली की बहुतेक तंतू गेले. जव ४०० ग्रॅमच्या वर नेला तर पोळी लाटताना कडा फाटतात, कारण गव्हासारखा चिकटपणा त्यात नाही. कणीक कोमट पाण्यात, नेहमीपेक्षा सैल भिजवा, पंचवीस-तीस मिनिटं झाकून ठेवा आणि पोळी थोडी जाड लाटा. पाणी कमी पडलं की पोळी थंड झाल्यावर चामड्यासारखी होते. मेथी २० ग्रॅमच्या वर गेली की कडवटपणा मुलांना चालत नाही.

नाशिकचा गिरणीवाला असून नागली, म्हणजे नाचणी, विकायची नाही, हे आम्हाला पटणारं नव्हतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारांवर ती खरिपात राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या जागेत रोपं करून, मग ती लावून पिकवली जाते. नागलीचा दाणा मोहरीएवढा आणि साल आतल्या गाभ्याला इतकी चिकटलेली की ती वेगळी करणं अवघड, म्हणून ती अख्खीच दळली जाते आणि तंतू आपोआप पिठात येतात. १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम तंतू आणि साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. बारीक खडा आणि माती ही नागलीची मोठी डोकेदुखी. आम्ही ती तीन पाण्यांनी धुतो. प्रत्येक वेळी वरचं धान्य ओंजळीनं दुसऱ्या भांड्यात घेतो, तळातली रेती तिथंच ठेवतो आणि नागली सावलीत पसरून वाळवतो. ओल राहिली तर पीठ आठवड्यात कोंदट वास मारतं.

नाचणी सत्त्व मात्र तंतूंसाठी घेऊ नका. मोड आलेली नागली वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवला की सत्त्व होतं. तंतूंचा मोठा भाग फडक्यातल्या चोथ्यात राहतो. वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाच्या पोटाला तेच सोसतं, आजोबांच्या बद्धकोष्ठाला नाही. त्यांना अख्ख्या नागलीची, उकड काढून केलेली भाकरी द्यावी.

येवला, मालेगाव, नांदगाव, सिन्नर भागातली बाजरीही तंतूंना नागलीइतकीच चांगली, पण तिचं पीठ टिकत नाही. बाजरीत तेल जास्त. दळताच तिच्यातलं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) त्या तेलावर काम करू लागतं आणि पीठ कडू होतं. म्हणून बाजरीचं पीठ आम्ही साठवत नाही, मागणी आली की दळतो. ते थंडीत पंधरा दिवसांत आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या आत संपवावं.

आमच्या दुकानातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित माल म्हणजे अख्खी कडधान्यं. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला ९ ग्रॅम तंतू, अख्ख्या तुरीत २२ च्या वर. हरभरा डाळीत १५, अख्ख्या हरभऱ्यात २५. मटकीत १५. साल सोललं की काय जातं ते या आकड्यांवरून दिसतं. कडधान्यातले तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य. ते तंतू आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. गॅस होतो तो याच आंबण्यामुळे. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं आणि मोड आणून शिजवलं तर त्रास बराच कमी होतो. नाशिककरांच्या मिसळीतली मटकीची उसळ तंतूंनी समृद्ध आहे, तंतू हवे असतील तर उसळ वाढवून पाव एकावर आणा.

जवस आम्ही विदर्भातून मागवतो. अख्खा खाल्ला तर दाणा बहुधा तसाच बाहेर पडतो, म्हणून तो दळूनच खायचा. दळला की त्यातलं तेल हवेशी येतं आणि खवट होऊ लागतं. तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजायचा, पूर्ण गार करायचा, मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. सलग फिरवलं की पूड गरम होऊन तेल सोडते आणि गोळे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, दोन-तीन आठवडे. एका मोठ्या चमच्यात साधारण २ ग्रॅम तंतू मिळतात. त्याहून मोठी अपेक्षा जवसाकडून ठेवू नये.

इसबगोल सर्वांत शेवटी आलं आणि त्याचीच चौकशी सर्वांत जास्त होते. माल गुजरातमधल्या उंझा-सिद्धपूरकडून येतो आणि शुद्धतेच्या टक्केवारीवर विकला जातो : ८५, ९५, ९८, ९९. पोत्यातून एक ग्रॅम भुसी, म्हणजे इसबगोलाच्या बियांची साल, काढून शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात पाण्यात टाकतो, हलवतो आणि तसंच ठेवतो. दुसऱ्या दिवशी जेलीची पातळी ४० मिलिलिटरच्या खाली असेल तर पोतं परत. त्या पारदर्शक जेलीत तांबूस ठिपके जास्त दिसले तर बियांचे तुकडे मिसळले आहेत असं समजावं.

आतड्यातले जिवाणू इसबगोल फारसं आंबवत नाहीत, म्हणून गॅस कमी होतो. त्याची जेली शेवटपर्यंत टिकते, म्हणून बद्धकोष्ठात मळ मऊ होतो आणि पातळ जुलाबात तीच जेली पाणी धरून ठेवते. कोलेस्टेरॉलसाठी दिवसाला सुमारे १० ग्रॅम भुसी लागते, ती दोन-तीन वेळांत विभागून घ्यावी. चमच्याचं माप इथं फसवतं. भुसी हलकी असते, तिची पूड जड, त्यामुळे त्याच चमच्यात पुडीचं वजन भुसीच्या जवळजवळ दुप्पट भरतं. पाकिटासोबत आम्ही ५ ग्रॅमचं माप देतो ते यासाठीच. एका मापाला मोठा पेला, किमान २४० मिलिलिटर पाणी, ढवळून लगेच प्यायचं. कोरडी भुसी तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायलं तर ती अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळायला त्रास असणाऱ्यांनी, आतडं अरुंद झालेल्यांनी किंवा आतड्यात अडथळा असल्याची शंका असणाऱ्यांनी ती घेऊच नये. थायरॉइड, लोह किंवा इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू हवेत, जागतिक आरोग्य संघटनेनं किमान २५ सांगितलेत. आमच्या दारात येणाऱ्यांना हा हिशेब आम्ही कागदावर मांडून देतो. दिवसभरात १०० ग्रॅम पिठाच्या नागलीच्या भाकरी ११, तीस ग्रॅम कोरड्या हरभऱ्याची उसळ साडेसात, एक पेरू सुमारे ८, दोन वाट्या भाजी ५ च्या आसपास. झाले तीस, पाकीट एकही न उघडता. द्राक्षांचा अभिमान आम्हालाही आहे, पण तंतू त्यात १०० ग्रॅमला जेमतेम १ ग्रॅम, त्यापुढे पेरू कितीतरी सरस. आज दहा-बारा ग्रॅमवर असणाऱ्यांनी एकदम तिसावर उडी मारू नये. दर आठवड्याला पाचेक ग्रॅम वाढवा आणि पाणीही त्याबरोबर वाढवा, नाहीतर पोट फुगतं आणि दोष धान्यावर येतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्यं आणि कोंडा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरसही असतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आमचं मेथी घातलेलं जवाचं पीठ खाताना रक्तातली साखर मोजत राहावी.

लेबलवर आम्ही ‘हृदयरोग बरा करते’ असलं काही छापत नाही. कायद्यानं ते चालत नाही आणि खरंही नाही. ‘तंतूंनी समृद्ध’ लिहायला १०० ग्रॅमला किमान ६ ग्रॅम लागतात, नुसतं ‘तंतूंचा स्रोत’ लिहायला ३. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आलेला आकडाच आम्ही पाकिटावर छापतो.

सध्या नागलीच्या शेवयांवर काम चालू आहे. नागलीला चिकटपणा नाही, म्हणून या शेवयांत बरेचदा मैदा मिसळला जातो आणि तंतू कमी होतात. आम्ही ६० टक्के नागली आणि ४० टक्के न चाळलेला गहू घेतो. दोन्हींत तंतू ११ च्या आसपास असल्यामुळे मिश्रणातही तेवढेच राहतात. पिठाचे मुटके आधी वाफवून घेतले की पिष्ट चिकट होतं आणि सोऱ्यातून शेवई सलग पडते. अडचण वाळवण्याची आहे. कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते आणि शेवई तडकते. सावलीत, वारं खेळतं ठेवून वाळवल्यावर तूट बरीच कमी झाली. नागलीचं नवं पीक आलं की अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात त्या विक्रीला ठेवू, शिजवायचं पाणी आणि वेळ पाकिटावर छापून.