व्हिडिओ लावला की हँग

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशोब बघतो. दुकानात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा शेठ म्हणाले, "जुना घेऊन जा घरी, पोरीला होईल." तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम. टॅली त्यावर इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं, म्हणून मी खुशीत आणला. मुलगी बारावी सायन्सला, तिची फिजिक्सची लेक्चरं यूट्यूबवर.

लेक्चर लावलं की पंधरा-वीस मिनिटांत चित्र थिजायचं, आवाज "टर्रर्र" करत एकाच अक्षरावर अडकायचा, माउससुद्धा हलायचा नाही. बटण दाबून धरून बंद करायचा, दुसरा इलाज नाही. "पप्पा, परत!" ही हाक दिवसातून चार-पाच वेळा.

दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. "फॉरमॅट मारूया," म्हणाला, ५०० रुपये घेतले. घरी आणल्यावर दुसऱ्याच लेक्चरला तोच प्रकार. परत गेलो तर मदरबोर्ड गेलाय, नवाच घ्या! तिथं माझी सटकली.

टॅलीला काही होत नाही आणि व्हिडिओलाच होतं, म्हणजे ताण आला की बिघडतंय. तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि लेक्चर लावून बघत बसलो. ७०, ८०, ९०... ९७ला आकडा गेला आणि सगळं ठप्प. मे महिना होता हे खरं, पण इतकं?

रविवारी स्क्रू काढले. आत हळद! प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) पट्ट्यांमध्ये पिवळा थर असा घट्ट बसलेला की वारा जायला फट नव्हती. कॅबिनेट वर्षानुवर्षं काउंटरखाली जमिनीवर, शेजारी पोती. दुसरं काय होणार? रंगाच्या ब्रशने खरवडलं, शेजाऱ्यांचा ब्लोअर आणून उडवलं (पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर वाऱ्याने गरागरा फिरून खराब होतो). प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोचवणारी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती पुसून तुरीच्या डाळीएवढी नवी लावली. तापमान ६५वर आलं.

थिजणं थांबलं, पण चित्र धक्के खात चालायला लागलं. आवाज पुढे, सरांचे ओठ मागे.

आमच्याकडे ताळा जमत नाही तेव्हा बऱ्याचदा दोन चुका एकीखाली एक दडलेल्या असतात. म्हणून या धक्क्यांचं खातं वेगळं केलं. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली कॉम्प्युटरच्या भागांची यादी, उघडला. डिस्प्लेसमोर लिहिलेलं: 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर'. म्हणजे फॉरमॅट मारणाऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चित्र दाखवणाऱ्या भागाला चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलाच नव्हता! व्हिडिओ उलगडायचं सगळं काम बिचारा प्रोसेसर एकटा ओढत होता. पहिली चूक हळदीची, दुसरी ५०० रुपये मोजून विकत घेतलेली.

इंटेलचा ड्रायव्हर टाकला. मुलीच्या क्लासने पेनड्राइव्हवर दिलेला व्हिडिओ व्हीएलसीमध्ये लोण्यासारखा चालला. यूट्यूब मात्र अजून जड. तिथं व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं, तर कोडेकपुढे, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून पाठवलाय त्यापुढे, व्हीपी९. हे जुनं ग्राफिक्स एच.२६४ ही जुनी पद्धत स्वतः उलगडतं, व्हीपी९ त्याला येत नाही, म्हणून ओझं परत प्रोसेसरवर. यूट्यूबला एच.२६४च मागणारं एक छोटं एक्स्टेंशन क्रोममध्ये टाकलं. टास्क मॅनेजरमध्ये शंभराला टेकणारा प्रोसेसर वीस-पंचविसावर आला. त्यात १०८०च्या वरची क्वालिटी मिळत नाही, पण फळ्यावरची समीकरणं वाचायला तेवढी पुष्कळ झाली.

कॅबिनेट आता टेबलावर असतं. पंख्याची पाती मात्र अजून पिवळीच आहेत. तो रंग काही निघाला नाही.