आत्याची पांढरी बोटे

आज पहाटे आत्याला डोळे तपासण्यासाठी खानापूरहून बेळगावला नेले. बसमधला गार दांडा धरून बसलेली तिची बोटे खडूसारखी पांढरी, मग निळसर आणि स्टँडवर चहाचा पेला हातात घेतल्यावर लालबुंद झाली. "दर थंडीत होतंय रे हे," म्हणत तिने विषय संपवला. मीही तो संपू दिला असता, पण डॉक्टरांनी नेमके हातांबद्दलच विचारले.

मॉरिस रेनॉ या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात थंडीने बोटांतील बारीक धमन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात, एवढे मी ऐकून होतो. परंतु ज्यांच्या रक्तवाहिन्या अशा चटकन आकसतात, त्यांच्यापैकी काहींमध्ये दृष्टिमज्जातंतूचा रक्तपुरवठाही अधूनमधून कमी पडत असावा, आणि डोळ्यातील दाब २१ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असूनही काचबिंदू, म्हणजे या मज्जातंतूची हळूहळू होणारी हानी, होऊ शकतो, हे मला नवीन होते. शिबिरात दाब मोजून 'नॉर्मल' ऐकले की आपण निश्चिंत होतो. आत्याही तशीच निश्चिंत होती. बोटे पांढरी पडणाऱ्या प्रत्येकाला काचबिंदू होतोच असे मुळीच नाही. मात्र मज्जातंतूची एकदा झालेली हानी भरून येत नसल्याने केवळ दाबावर विसंबू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. मज्जातंतूचे स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली असून अहवाल सोमवारी मिळेल.

गणपत गल्लीत लोकरीचे हातमोजे घेतले. ते घालून भाकरी कशी थापायची, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.