बेलचा दिवा द्रुत लयीत लुकलुकत होता

आई सांगलीला एकटी राहते, मी पुण्यात. बाबा गेल्यावर तिनं माझ्याकडे यावं म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. पण तिची पेटी, तिचं अंगण, शनिवारी गाणं शिकायला येणाऱ्या मुली, हे सोडून ती येणार नाही हे शेवटी मला पटलं. मग दिवाळीत तिच्या दाराला कॅमेऱ्याची डोअरबेल बसवली. दार उघडायच्या आधी तिला कळावं कोण आलंय, आणि मलाही इथे फोनवर दिसावं, एवढ्यासाठी.

बसवतानाच एक अनर्थ थोडक्यात टळला. वायरमननं जुन्या बेलच्या वायरी सोलून तयार ठेवल्या होत्या. मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली: ८ ते २४ व्होल्ट एसी. आपल्याकडे बेलच्या बटणापर्यंत थेट घरातली २३० व्होल्टची लाइन आलेली असते. अमेरिकेत बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्टेज उतरवून देतो, आणि अशा बेल त्या हिशेबानं बनवलेल्या असतात. ती वायर जोडली असती तर बेल तिथेच जळाली असती, शिवाय वायरमनच्या हाताला धोका होता तो वेगळाच. म्हणून आम्ही ती बॅटरीवरच चालवायची ठरवली. आतली घंटी हॉलमधल्या सॉकेटमध्ये खोचली.

या बेलच्या बटणाभोवती एक कडं आहे, ते उजळतं. पुस्तिकेत त्याचा तक्ता होता. स्थिर लाल म्हणजे यंत्र सुरू होतंय. सावकाश लुकलुकणारा लाल म्हणजे वायफाय सापडत नाही. भरभर लुकलुकणारा निळा म्हणजे वायफाय सापडलंय, जोडणी चालू आहे. स्थिर निळा म्हणजे जोडलं गेलं. बॅटरी काढून चार्जिंगला लावली की तिच्यावरचा छोटा दिवा लाल, भरली की हिरवा. हा तक्ता त्या एका कंपनीचा. दुसऱ्या कंपनीच्या बेलवर हेच रंग वेगळंच काही सांगतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. पुस्तिका जपून ठेवावी, निदान तिचा फोटो तरी काढून ठेवावा. मी काढला होता.

आईला पहिले काही दिवस वेगळीच काळजी. "अगं, दिवा विझलाय. बंद पडली का ती?" तिला समजावलं की बॅटरीवरची बेल बहुतेक वेळ झोपलेली असते. समोर माणसाच्या अंगाची ऊब हलली की तिचा सेन्सर तिला उठवतो, काम झालं की ती पुन्हा झोपते. सतत जागी राहिली तर बॅटरी फार लवकर संपेल. दुसरी भीती रात्रीची. अंधारात कुणी आलं की काचेमागे दोन अंधुक लाल ठिपके दिसायचे. "कुणीतरी डोळे वटारून बघतंय असं वाटतं." ते अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे, त्यांचा थोडासा लाल उजेड आपल्याला दिसतो. तो काही बिघाडाचा लाल दिवा नव्हे. हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पुस्तकात लिहायला नको का त्यांनी?" बरोबर होतं तिचं. पुस्तिकेत त्याचा उल्लेखच नव्हता.

खरी गोष्ट फेब्रुवारीतली. एका सकाळी तिचा फोन आला. उंबऱ्यापुढे रांगोळी काढताना तिला बेलचा दिवा चमकताना दिसला होता.

"कुठला रंग, आई?"

"हिरवट. आणि द्रुत लयीत चाललाय बघ. आधी असा नव्हता."

आईनं शाळेत अडतीस वर्षं गाणं शिकवलं. तिच्या तोंडी द्रुत (भरभर) आणि विलंबित (सावकाश) हे शब्द भाजीला पण येतात. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी ऐकला तो रंग.

अ‍ॅप उघडून बघितलं तर बेल ऑफलाइन. तक्त्यात हिरवा रंग फक्त बॅटरीच्या रकान्यात होता, त्यामुळे मी धरून चालले की दोष बॅटरीचा. वायफायचा संशय यायला जागाही नव्हती. आदल्याच दिवशी इंटरनेटवाला मुलगा येऊन नवा राउटर बसवून गेला होता, आणि मीच फोनवरून त्याला बजावलं होतं की जुनंच नाव, जुनाच पासवर्ड ठेव, म्हणजे आईच्या वस्तू आपोआप जोडल्या जातील. आईचा फोन चालू होता, टीव्ही चालू होता. बेलचं बटण दाबलं तर आतली घंटीही वाजत होती. नंतर कळलं की ती घंटी बेलशी स्वतःच्या रेडिओवरून बोलते, तिला इंटरनेट लागतच नाही. त्यामुळे घंटी वाजली याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही.

दोन दिवस मी आईला बॅटरीच्या मागे लावलं. समोरच्या काकूंच्या मुलानं स्क्रू काढून बॅटरी बाहेर काढली, ती रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी परत बसवली. पुन्हा तेच, हिरवट आणि भरभर. मी कामाच्या गडबडीत होते, माझा आवाज चढला. "आई, नीट बघून सांग ना, हिरवा लुकलुकणारा असा दिवाच नाहीये या बेलला!" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला दिसतं ते सांगते गं मी." ते वाक्य मला अजून टोचतं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. "एक सांगू का? सकाळी बॅटरीवर जो हिरवा होता ना, तो कडुलिंबाच्या पानासारखा होता. दारावरचा तसा नाही. तो फिका आहे, शेवाळासारखा. दोन हिरवे वेगळे आहेत. आणि दारावरच्या दिव्याला दोन कडी दिसतात, एक बटणाभोवती आणि एक त्याच्या बाहेर, मोठं, पुसट."

बटणाभोवती कडं एकच होतं, ते मी स्वतः बसवलं होतं. मी तिला म्हटलं, दिव्यासमोर उभी राहा आणि व्हिडिओ कॉल कर. माझ्या फोनच्या पडद्यावर दिवा दिसला. स्वच्छ निळा. सेकंदाला दोन-तीनदा लुकलुकत होता.

भरभर लुकलुकणारा निळा: वायफाय सापडलंय, जोडणी चालू आहे. आणि ही जोडणी दोन दिवस चालूच होती, पूर्ण होत नव्हती. एकदा हे कळल्यावर पुढचं सरळ होतं. नाव सापडत नसतं तर लाल दिवा सावकाश लुकलुकला असता. म्हणजे बेलला राउटर दिसत होता, पण राउटर तिला आत घेत नव्हता. पासवर्ड तर तोच. मग उरली सुरक्षेची पद्धत. वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए-२ ही पद्धत २००४ पासूनची, तिच्या पुढची डब्ल्यूपीए-३ ही २०१८ मध्ये आली. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर लावलेला होता. आईचा फोन आणि टीव्ही नवे, त्यांना ती कळते. बेलला फक्त जुनी पद्धत येत होती. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी दार बंद.

इंटरनेटवाल्या मुलाला फोन केला. त्यानं राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी डब्ल्यूपीए-२ निवडलं (आमच्या बेलला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरताच येत नाही, अशा पुष्कळ बेलना येत नाही). राउटर बंद होऊन चालू झाला. आई दारात उभी होती, मी फोनवर.

"द्रुत... द्रुत... द्रुतच आहे... थांबला. स्थिर झाला. विझला."

माझ्या अ‍ॅपमध्ये आईचा चेहरा दिसला, दिव्याकडे वाकून बघणारा. बेल पुन्हा लावायला लागली नाही, क्यूआर कोड दाखवायला लागला नाही, काही नाही.

त्या रात्री तक्ता पुन्हा काढून बसले. भरभर लुकलुकणं हे त्यात एकाच ओळीत होतं, निळ्याच्या. आईनं पहिल्याच फोनवर "द्रुत" म्हणून सांगितलं होतं. मी रंगाआधी लय धरली असती तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. रंग सांगणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतो, उन्हावर असतो, समोरच्या भिंतीवरही असतो. लय फोनवरूनही जशीच्या तशी पोचते. आता मी कुणाच्याही यंत्राबद्दल फोनवर विचारते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: स्थिर आहे, सावकाश लुकलुकतोय की भरभर? आणि किती वेळ? रंग त्याच्या नंतर. आणि शक्य असेल तर सरळ व्हिडिओ.

पण दिव्याचं कोडं सुटलं तरी ती दोन कडी माझ्या डोक्यातून जाईनात. आईला विचारलं, बाकीच्या दिव्यांभोवतीही असं दिसतं का? "समोरून येणाऱ्या गाड्यांभोवती दिसतं की. वयाचं असेल म्हणून बोलले नाही." मी त्याच शनिवारी सांगलीला गेले आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर, तपकिरी होत जातं. ते निळा प्रकाश अडवतं, म्हणून निळा फिका किंवा हिरवट दिसू लागतो. आणि प्रकाश विखुरल्यामुळे दिव्यांभोवती वलयं दिसतात. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला आपलं आपल्याला कळत नाही. त्यांनी दिव्याची गोष्ट लक्षपूर्वक ऐकून घेतली.

आईच्या तरुणपणी यंत्रांवर निळे दिवे नव्हतेच. रेडिओवर, मिक्सरवर, स्टॅबिलायझरवर लाल किंवा हिरवा. झगझगीत निळा एलईडी जपानमध्ये तयार झाला तो १९९० च्या दशकात, आणि तो घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घरातल्या निम्म्या यंत्रांवर तोच निळा ठिपका असतो. ज्या वयात तो रंग डोळ्याला नीट दिसेनासा होतो, त्या वयाच्या माणसांच्या दारावर आपण तोच लावतो. कंपन्यांनी याचा विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं. दिव्याच्या जोडीला बेलनं मराठीत दोन शब्द बोलून दाखवले तर किती जणींचं काम सोपं होईल.

आईसाठी मी नवा तक्ता केला, तिच्या भाषेत. स्थिर, विलंबित, द्रुत. प्रत्येकापुढे काय करायचं ते एका ओळीत. द्रुत पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर मला फोन. विलंबित असेल तर आधी राउटर चालू आहे का बघायचं, कारण लाइट गेल्यावर बेल बॅटरीवर जागी असते पण राउटर बंद पडलेला असतो. रंगाचा एकही शब्द त्यात नाही. तो कागद चपलांच्या कपाटावर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवला आहे.

एप्रिलमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं पावसाळ्यानंतर करायचं आहे. पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मला अ‍ॅपवर सूचना आली, समोर कुणीतरी उभं आहे म्हणून. उघडून बघितलं तर आई. गडद चष्मा कपाळावर सरकवलेला. तिनं बटण दाबलं, एका हातानं डावा डोळा झाकला, मग तो उघडून उजवा झाकला, पुन्हा डावा. मी बेलमधूनच हाक मारली, "आई, काय करतेस?"

"अगं, या डोळ्यानं हा गोकर्णाच्या फुलासारखा निळा आहे," ती म्हणाली, "आणि या डोळ्यानं अजून शेवाळ."