मैत्रिणीच्या कादंबरीसाठी घाट उभा करताना

काल्पनिक नकाशा समोर आला की मी आधी नद्या बघते. राजधानी, किल्ले, राक्षसाची गुहा, सगळं नंतर. डोंगरातून निघालेली नदी मधेच दुभंगून दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळत असेल, तर बाकी नकाशा कितीही देखणा असो, माझं मन त्यातून उडतं. पाणी उताराने जातं आणि वाटेतल्या पाण्याला सोबत घेत जातं. फाटे फुटायचे ते बहुतेक मुखापाशी, सपाटीवर, जिथे गाळ साचतो तिथे.

माझी एक मैत्रीण मुलांसाठी साहसकथा लिहितेय आणि तिचा नकाशा मी काढतेय. तिच्या देशाला पश्चिमेला समुद्र, पूर्वेला राजधानी आणि मधे डोंगर. ‘डोंगर म्हणजे ते उलटे व्ही काढतात ना, ओळीने, तसे काढ गं,’ असं तिचं म्हणणं. मी वाईची. उलटा व्ही म्हणजे दोन्ही अंगांना सारखा उतार, आणि सह्याद्री काही तसा नाही. कोकणातून वर बघितलं तर मान दुखेल एवढा उंच, आणि देशावरून त्याच डोंगराकडे जाताना नुसता चढ लागतो. तो पठाराचा कडा आहे. म्हणून तर कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर उगम पावते, त्याच्याकडे पाठ फिरवते आणि तब्बल १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्रीही महाबळेश्वरचीच, पण ती कडा उतरून महाडवरून थेट बाणकोटच्या खाडीत. गोष्टीला असा देश मिळाला तर उलटे व्ही कशाला हवेत?

मी काम गिंपमध्ये करते, म्हणजे चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. फुकट आहे, आणि ऑफिसमध्ये दिवसभर प्लॅन काढून झाल्यावर घरी आणखी एका सॉफ्टवेअरचे हप्ते भरायची माझी तयारी नाही. फाइल उघडली की पहिली गोष्ट, इमेजच्या मेनूत जाऊन प्रिसिजन १६ बिट करायची. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून ही सोय आहे आणि नकाशावाल्यांनी ती सोडू नये. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा. उंची मी याच छटांत दाखवते, तेव्हा पांढरं म्हणजे १,५०० मीटर उंची धरली तर एकेक पायरी जवळपास सहा मीटरची. कड्यावर ते खपून जातं, पण हलक्या उताराच्या पठारावर सावली टाकली की भाताच्या खाचरांसारखे पट्टे दिसायला लागतात.

मग उंचीचा लेयर. उंच ते पांढरं, खोल ते काळं. ग्रेडियंट स्वतःचा बनवते: डावीकडे समुद्र काळा, मग किनारपट्टीचा गडद राखाडी पट्टा, मग अगदी थोड्या अंतरात एकदम पांढरं, आणि तिथून उजवीकडे पार टोकापर्यंत हळूहळू मळत जाणारं. हा ग्रेडियंट सरळ ओढला की कडा पट्टीने आखल्यासारखा दिसतो. त्यासाठी वेगळ्या लेयरवर रेंडरमधला सॉलिड नॉइज (ढगांसारखे वेडेवाकडे डाग) काढायचा, डिटेल पूर्ण वाढवायचं, आणि मॅप मेनूतला डिस्प्लेस वापरून त्या नॉइजने कडा विस्कटायचा. क्षणात सोंडा बाहेर येतात, दऱ्या आत घुसतात. तोच नॉइज ओव्हरले करून हलक्या हाताने सगळीकडे पसरला की पठारही जिवंत होतं.

किनारा मात्र मी नॉइजवर सोडत नाही. नॉइजचे ढग काढून थ्रेशोल्ड (ठरावीक छटेच्या वरचं सगळं पांढरं, खालचं काळं) लावला की किनारा मिळतो, हे खरं, सगळीकडे शिकवतात ते हेच. पण तो किनारा चारी बाजूंनी सारखाच कुरतडलेला असतो. आपल्याच देशाचा पश्चिम किनारा बघा, खाड्या, कातळाची टोकं, मधे मधे छोट्या पुळणी. आणि पूर्वेला कृष्णा-गोदावरी गाळ आणून टाकतात तिथे जमीन फुगीर होऊन समुद्रात गेलेली. त्यामुळे मी लॅसोने हाताने काढते, नद्या कुठे बाहेर पडणार ते ठरवून.

नद्यांसाठी पाथ टूल. मुखापासून उगमाकडे उलट काढत जाते, काळ्या भागातून पांढऱ्याकडे, म्हणजे नदीचं पाणी कुठे चढावर जात असेल तर ती चूक लगेच कळते. उपनदी मिळताना टोकदार कोन प्रवाहाच्या दिशेने ठेवायचा. (अपवाद असतातच. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून वळतात. असा संगम नकाशात एखादाच ठेवावा, पण ठेवावा.) पाथ झाला की तो आधी उंचीच्या लेयरवरच मोठ्या, मऊ, काळ्या ब्रशने अगदी कमी ओपॅसिटीत स्ट्रोक करते. त्याने नदीभोवती खोरं कोरलं जातं. निळी रेघ त्यानंतर, वेगळ्या लेयरवर, उगमाशी केसाएवढी. खोरं न कोरता नुसती निळी रेघ ओढली की नदी जमिनीवर ठेवल्यासारखी दिसते. तळ्याला बाहेर पडायची वाट एकच द्यायची. वाटच नसेल तर पाणी खारट, लोणारसारखं, आणि मग तिथे कोळ्यांचं सुखी गाव वसवायचं नाही.

आता मॅप मेनूतला बंप मॅप, उंचीच्या लेयरवरून सावल्या पाडणारा. उजेड डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून. आपल्याकडे भर दुपारी सूर्य वर्षातला बहुतेक काळ तिथे नसतो, पण डोळ्यांना उजेड वरून आलेला हवा असतो. खालून टाकला की दऱ्या डोंगर वाटतात आणि डोंगर दऱ्या. उपग्रहाच्या छायाचित्रांत हा गोंधळ कित्येकदा होतो, कारण तिथे ऊन खरोखर दक्षिणेकडून पडलेलं असतं.

रंगात माझा हट्ट आहे. शाळेच्या नकाशात सखल ते हिरवं आणि उंच ते तपकिरी. काल्पनिक नकाशात वाचणारा हिरव्याचा अर्थ झाडी असाच घेतो, मग वाळवंटही सखल म्हणून हिरवंगार. मी रंग पावसाने देते. खाली कोरडा पिवळट लेयर, वर गर्द हिरवा, आणि हिरव्याच्या मास्कवर (तिथे पांढरं केलं की हिरवा दिसतो, काळं केलं की लपतो) मोठ्या ब्रशने पाऊस रंगवायचा: वारा समुद्राकडून येतो, कड्यावर पांढरंशुभ्र, कड्यामागे झपाट्याने काळं. झपाट्याने म्हणजे किती? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. मैत्रिणीला वाटलं मी अतिशयोक्ती करतेय.

नावं घालताना मात्र डोकं उठतं. रोमन लिपीत पर्वताचं नाव अक्षरं लांब लांब करून रांगेवर पसरतात. देवनागरीत स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते. मी पर्वतासाठी ती मुद्दाम तोडते, ‘स ह्या द्री’सारखं एकेक अक्षर सुटं, भिंतीवरच्या नकाशात असायचं तसं. नदीच्या नावासाठी गिंपमधलं टेक्स्ट अलाँग पाथ चांगलं, ते अक्षरांची बाह्यरेषाच वाकवतं, म्हणून शिरोरेषा अखंड राहून नदीबरोबर वळते. वळण फार घेतलं तर काना लोळतो, तेव्हा नाव सरळ पट्ट्यावर घ्यावं. आणि कागद जुना दाखवायला कडा जाळू नयेत, चहाचे डागही नकोत. करपलेल्या पोळीवर नकाशा काढल्यासारखं दिसतं.

नकाशा पाठवला तर मैत्रिणीचा फोन. तिच्या सेनापतीचं आरमार तिसऱ्या प्रकरणात समुद्रातून नदीने वर वर जाऊन राजधानीच्या तटाला लागतं. ‘कसं लागणार?’ मी म्हटलं, ‘पश्चिमेची नदी कड्यापाशी संपते. गलबतं खाडीच्या तोंडातून महाडसारख्या एखाद्या बंदरापर्यंत येतील, पुढे बैल.’ ती चिडली. दोन दिवस बोलली नाही. मग तिने ते प्रकरण नव्याने लिहिलं: खाडीच्या टोकाला बंदर, तिथून घाटवाट, आणि घाटमाथ्यावर जकात गोळा करणारी एक म्हातारी. नाणेघाटातला दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात तो, तिला मीच दाखवला होता, एका ट्रेकला. बैलांचा तांडा दिवसाला वीसेक किलोमीटर धरून आम्ही सगळी अंतरं पुन्हा मोजली, आणि राजधानी मला नकाशावर दोन बोटं पश्चिमेला सरकवावी लागली, नाहीतर सैन्य पावसाळ्यात अडकत होतं.

म्हातारी आता कादंबरीतलं सगळ्यात भारी पात्र झालीय. दुसऱ्या भागात मैत्रिणीला दक्षिणेला एक बेट हवंय, त्यावर नारळ, मिरी आणि बर्फाचं शिखर. शिखराची उंची किती आणि वारा कुठल्या बाजूने, एवढं आधी कळव, असा मेसेज मी टाकलाय.