तसबिरीची मागची बाजू

घरातली तसबीर पुसताना फडके काचेवरून फिरले की काम संपते. मागच्या बाजूला खाकी कागद, गंजलेले खिळे, फ्रेमवाल्याचा शिक्का आणि बहुधा पालीचा संसार असतो, त्यामुळे तिकडे सहसा कोणी पाहत नाही. दुसऱ्या महायुद्धात लुटल्या गेलेल्या चित्रांचा वारसांनी माग काढल्याच्या कादंबऱ्या मला आवडतात, त्या या दुर्लक्षित बाजूमुळे. नायिका चित्रातल्या स्त्रीच्या डोळ्यांकडे कितीही पाने बघत बसो, गोष्ट पुढे सरकते ती चित्र भिंतीवरून उतरवून उलटे केल्यावरच.

डच चित्रकार व्हर्मेरचे १६६८ मधले ‘द अ‍ॅस्ट्रॉनॉमर’ हे चित्र नाझींनी १९४० मध्ये पॅरिसच्या रोथशिल्ड या धनाढ्य ज्यू कुटुंबाकडून हिसकावले आणि त्याच्या पाठीवर काळ्या शाईने आपले स्वस्तिकचिन्ह उमटवले. लुटीचा असा माल पॅरिसच्या जू द पोम संग्रहालयात जमा होई, आणि कोणती वस्तू कोणत्या घराण्याची हे कळावे म्हणून तिला संकेताक्षरे व क्रमांक मिळत. चोराने आपल्याच चोरीची पावती फाडावी, तसा हा प्रकार. तिथे काम करणाऱ्या रोझ व्हॅलाँ या बाईंना जर्मन समजते, हे अधिकाऱ्यांच्या गावीही नव्हते. कोणती पेटी कुठे रवाना झाली, हे त्या सुमारे चार वर्षे जिवावर उदार होऊन गुपचूप टिपत राहिल्या. युद्धानंतर रोथशिल्डांना त्यांचे चित्र परत मिळाले, आणि पुढे ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाकडे गेले.

परंतु एवढ्या काटेकोर नोंदी झाल्या त्या प्रामुख्याने नामांकित संग्रहांच्या. १९४२ पासून फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समधली ज्यूंची सुमारे ७०,००० घरे भांड्याकुंड्यांसकट रिकामी करण्यात आली, आणि त्या सामानात जेवणघरातले एखादे साधे निसर्गचित्रही असणारच. युद्धानंतर फ्रान्समध्ये परत आलेल्या सुमारे ६१,००० कलावस्तूंपैकी जवळपास ४५,००० मालकांना मिळाल्या. उरलेल्या बऱ्याचशा विकल्या गेल्या आणि सुमारे २,००० संग्रहालयांच्या ताब्यात राहिल्या.

कादंबरीकार बहुतेकदा झुंबरांच्या वाड्यातले कोट्यवधींचे चित्र निवडतात, हे मला थोडे सोपे वाटते. ज्याच्या हाती ना पावती, ना छायाचित्र, आणि ‘आमच्या जेवणाच्या टेबलामागे असेच तळे होते’ एवढेच ज्याला सांगता येते, अशा वृद्धाला संग्रहालयाचा सज्जन, नियमाने बांधलेला अधिकारी काय उत्तर देतो, ते मला वाचायचे आहे.